पुण्याचा विकास-आराखडा आणि जुन्या पाण्याच्या वाटा

शहराचा पुढील वीस वर्षांचा आराखडा तयार होतो, तेव्हां त्याच्या अहवालाच्या आरंभीं त्या शहराचा इतिहास दोन-तीन परिच्छेदांत सांगण्याची चाल पडून गेली आहे. पुण्यापुरतें बोलावयाचें तर हे परिच्छेद वाचकांस तोंडपाठ असतील: राष्ट्रकूट कृष्णराजाच्या आठव्या शतकांतील ताम्रपटांत आलेला पुण्याच्या विषयाचा, म्हणजे प्रांताचा, उल्लेख; मुरार जगदेवानें गांव उध्वस्त करून फिरविलेला गाढवाचा नांगर; जिजाबाई व बाल शिवाजी यांचें वास्तव्य; पेशवाई; आणि १८१८. एवढें झालें कीं पान उलटतें, लोकसंख्येचीं कोष्टकें सुरू होतात व इतिहास मागें राहतो. तो पुन्हां भेटतो तो अगदीं शेवटीं, इमारतींच्या यादीच्या रूपानें. आरंभीं मंगलाचरण म्हणून आणि शेवटीं परिशिष्ट म्हणून इतिहास यावा, आणि मध्यें जेथें प्रत्यक्ष रेषा आंखल्या जातात तेथें त्याला प्रवेश नसावा, यामुळें शहराचें काय नुकसान झालें आहे हें एका उदाहरणानें दाखवावें, असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. उदाहरण आम्ही वाड्यांचें न घेतां पाण्याचें घेतलें आहे. वाड्यांविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे; वाड्यांस पाणी कोठून येई याविषयीं त्या मानानें थोडें.

प्रथम कायदा काय म्हणतो तें पाहूं. मुंबई इलाख्याचा पहिला नगररचना-कायदा १९१५ चा. त्याचें लक्ष मुख्यत्वें शहराच्या कडेस नव्यानें वसूं लागलेल्या जमिनीवर होतें. जुनें गांव त्यानें बहुतेक जसेंच्या तसें सोडलें. १९५४ च्या कायद्यानें संपूर्ण शहराचा विकास-आराखडा करणें आवश्यक ठरविलें, आणि १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमानें ती व्यवस्था पक्की केली. या अधिनियमाच्या बाविसाव्या कलमांत आराखड्यांत काय काय यावें याची गणना आहे, व तींत ऐतिहासिक, नैसर्गिक आणि स्थापत्यदृष्ट्या महत्त्वाच्या वास्तूंचें व स्थळांचें जतन स्पष्ट सांगितलें आहे. मागाहून वारसा-इमारती आणि वारसा-परिसर हे शब्दहि तेथें घातले गेले. तेव्हां कायद्याच्या शब्दांत उणीव आहे असें म्हणतां येणार नाहीं. पुण्याचा पहिला आराखडा १९६६ सालीं, दुसरा १९८७ सालीं आणि तिसरा २०१७ सालीं मंजूर झाला. हा तिसरा २००७ ते २०२७ या मुदतीचा म्हणून केलेला. म्हणजे अर्धी मुदत मंजुरीची वाट पाहण्यांतच गेली.

उणीव आहे ती त्या अधिनियमाच्या पंचविसाव्या कलमाचा अंमल ज्या रीतीनें होतो तींत. आराखडा आंखण्यापूर्वीं जमिनीची पाहणी करावी आणि तिच्या प्रचलित उपयोगाचा नकाशा तयार करावा, असें हें कलम सांगतें. त्याप्रमाणें नकाशा तयार होतो. रहिवास पिवळा, व्यापार निळा, उद्योग जांभळा, बागा हिरव्या, असे रंग भरले जातात. या रंगपेटींत काळाला मात्र रंग नाहीं. अमुक जागा रहिवासाची आहे हें नकाशा सांगतो. ती तशी केव्हां व कां झाली, तिच्या खालून काय जातें, पूर्वीं तेथें ओढा होता कीं तळें, हें तो सांगत नाहीं. मग याच नकाशावर रस्तारुंदीच्या रेषा, शाळा-दवाखान्यांचीं आरक्षणें, भुयारी मार्ग हें सर्व उतरतें. वारशाची यादी येते ती हें झाल्यावर.

पुणें हें आपोआप, वेडेंवांकडें वाढलेलें गांव आहे, तेव्हां त्याला शिस्त लावणें एवढेंच आराखड्याचें काम, अशी एक समजूत सर्वत्र आढळते. निदान अठराव्या शतकापुरती ती खरी नाहीं. कसबा हें मूळ गांव. भोंवतालच्या पेठा कोणी ना कोणी मुद्दाम वसविल्या. शनिवार पेठ ही पूर्वींची मुर्तजाबाद, रविवार ही मलकापूर, सोमवार ही शहापूर, शुक्रवार ही विसापूर आणि बुधवार ही मोहियाबाद. हें शेवटलें नांव येथें वारलेल्या औरंगजेबाच्या नातवावरून पडलें. पुढें वारांचीं नांवें रूढ झालीं, आणि त्याहि पुढें पेशव्यांच्या घराण्यांतील पुरुषांचीं आलीं: सदाशिवरावभाऊंवरून सदाशिव पेठ, नारायणरावांवरून नारायण पेठ. पेठ वसवावयाची म्हणजे शेटे व महाजन यांस वतन करून द्यावयाचें, येणाऱ्या उदमी लोकांस कांहीं वर्षें पट्टी-जकात माफ असल्याचा कौल द्यावयाचा, आणि ओळीनें जागा नेमून द्यावयाच्या. सदाशिव किंवा नारायण पेठेच्या गल्ल्या आजहि बऱ्याच ठिकाणीं एकमेकींस काटकोनांत छेदतात, त्या याच कारणानें.

कौटिल्यानें दुर्गनिवेशाच्या अध्यायांत तीन राजमार्ग पूर्वपश्चिम व तीन दक्षिणोत्तर असावेत असें सांगितलें आहे. पुण्याच्या पेठा कोणीं अर्थशास्त्र वाचून आंखल्या असें आम्हांस मुळींच सुचवावयाचें नाहीं. तो ग्रंथ १९०५ सालीं म्हैसूर येथें शामशास्त्री यांच्या हातीं येईपर्यंत विस्मृतींतच पडला होता. परंतु गृहवास्तूच्या प्रकरणांत दोन घरांमधील अंतर, सांडपाण्याची वाट व शेजाऱ्याच्या भिंतीस लागणारें पाणी यांविषयीं त्यानें जे निर्बंध घातले आहेत, आणि पेशवाईंत कोतवालाकडे घरांचे व गल्ल्यांचे जे तंटे येत, त्यांचा विषय एकच आहे. पाणी कोठून येतें आणि कोठें जातें, हा तो विषय.

पुण्यास नदी आहे, पण तिचें पाणी पेठांत आपण होऊन चढत नाहीं. नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दींत, १७५० च्या सुमारास, शहराच्या दक्षिणेस कात्रजच्या घाटाखालीं बंधारे घालून तळें केलें, आणि तेथून शनिवारवाड्यापर्यंत सुमारें आठ किलोमीटर दगड-चुन्याचा बंदिस्त नळ जमिनीखालून आणला. 'नळ' म्हटलें कीं आजच्या वाचकाच्या डोळ्यांपुढें लोखंडी नळी उभी राहील. हा नळ म्हणजे बांधीव भुयार आहे, आणि त्याच्या बऱ्याच भागांतून माणूस चालत जाऊं शकतो. पाणी कोठेंहि उपसावें लागत नसे. केवळ उतारानें तें गांवांत येई. हा उतार इतक्या अंतरांत न मोडतां राखावयाचा म्हणजे गवंड्यांनीं केवढी मोजणी केली असेल, याचा विचार ज्यानें त्यानें करावा. वाटेंत ठिकठिकाणीं जमिनीच्या वर आलेले दगडी, पोकळ, चौथऱ्यासारखे बांध आहेत. यांस 'उच्छ्वास' म्हणतात. उद् हा उपसर्ग लागून श्वस् धातूपासून झालेला हा शब्द आम्हांस फार आवडतो. बंदिस्त वाटेंत कोंडलेली हवा तेथून वर सुटे, आणि गाळ काढण्यास माणूस तेथूनच उतरे. नांव ठेवणारास संस्कृत चांगलें येत होतें, आणि त्याहून महत्त्वाचें म्हणजे नळ कसा चालतो हें त्याला नीट समजलें होतें.

गांवांत आल्यावर हें पाणी हौदांत पडे व एका हौदांतून दुसऱ्याकडे जाई. शनिवारवाड्यांतील कारंजीं या पाण्यावर उडत, एवढेंच बहुधा पाहुण्यांस सांगितलें जातें. खरें पाहतां कारंजीं हा या योजनेचा अगदीं शेवटचा व सर्वांत कमी महत्त्वाचा भाग. पेठांतील लोकवस्ती टिकली ती हौदांवर. सदाशिव पेठेचा हौद, फडके हौद, नानावाड्याचा हौद अशीं नांवें अद्याप लोकांच्या तोंडीं आहेत. त्यांपैकीं कांहीं ठिकाणीं हौद उरला नसून चौकास त्याचें नांव तेवढें उरलें आहे. कात्रजच्या नळानंतर नाना फडणीस व सरदार रास्ते यांनींहि आपापले नळ आणले. म्हणजे ज्या पुण्यास आपण 'जुनें पुणें' म्हणतों, त्याच्या वाड्यांच्या व गल्ल्यांच्या खालीं पाण्याचें एक दुसरें पुणें पसरलेलें होतें, आणि वरचें खालच्याच्या धोरणानें वसलेलें होतें.

येथें एक गोष्ट न सांगितली तर हा लेख स्तोत्र होईल. हौद सार्वजनिक होते, पण सर्वांचे नव्हते. अस्पृश्य मानलेल्या लोकांस त्यांचें पाणी भरतां येत नसे. १८६८ सालीं महात्मा जोतीराव फुले यांनीं आपल्या घरचा हौद या लोकांस खुला केला. पाणी आणण्याची विद्या शंभर वर्षांपूर्वींच साधली होती. तें वांटण्याची बुद्धि गंज पेठेंतील त्या एका घरांतून सुरू झाली. नकाशावर कात्रजचा नळ दाखवावयाचा तर हा हौदहि त्याच शाईनें दाखविला पाहिजे, नाहींतर तो नकाशा इतिहासाचा होणार नाहीं, केवळ पेशव्यांच्या खर्चाचा होईल.

खडकवासल्याचें धरण १८८० च्या सुमारास पुरें झालें, पुढें लोखंडी नळांतून पाणी घरोघर गेलें, आणि कात्रजच्या नळाची निकड संपली. निकड संपली, पण नळ संपला नाहीं. त्यानंतरहि कित्येक हौदांत पाणी येतच राहिलें. त्याचा नाश झाला तो उपेक्षेनें, आणि उपेक्षेहून अधिक अज्ञानानें. शिक्षकी पेशांत असतां आम्ही विद्यार्थ्यांस घेऊन कात्रजच्या तळ्यापासून शहरापर्यंत उच्छ्वास मोजीत चालत येत असूं. एका वर्षीं पाहिलेले पुढच्या खेपेस सर्वच सांपडतील असा भरवसा नसे. एक उच्छ्वास एका गृहरचना-संस्थेच्या आवारांत होता. संस्थेचें नांव देण्याचें प्रयोजन नाहीं. त्यावर फरशी घालून वर मोटारी उभ्या करण्याची सोय केलेली आम्हांस आढळली. तेथील एका सभ्य गृहस्थांस आम्ही ती वस्तु काय आहे हें समजावून सांगितलें. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, "मास्तर, हें नकाशांत कोठें आहे?" आमच्याबरोबर तीस मुलें होतीं, आणि आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. त्यांच्या इमारतीच्या परवानगीस जोडलेल्या नकाशांत तो उच्छ्वास नव्हता. जें नकाशांत नाहीं तें परवानगी देणाऱ्याच्या व घेणाऱ्याच्या दृष्टीनें जमिनींतहि नाहीं. त्या गृहस्थांस दोष देण्यांत अर्थ नाहीं. त्यांनीं विचारलेला प्रश्न योग्य होता, आणि या लेखाचें मूळ त्या प्रश्नांत आहे.

२०१९ सालीं स्वारगेट येथें मेट्रोच्या स्थानकासाठीं खोदकाम चालू असतां जमिनीखालीं बांधीव भुयार लागलें. काम थांबलें, वर्तमानपत्रांत छायाचित्रें आलीं, आणि तें पेशवेकालीन कीं इंग्रजी अमदानींतील याविषयीं मतभेद सुरू झाले. तें कोणाचेंहि असो. आम्हांस विचार करण्यासारखें वाटतें तें हें कीं, एवढ्या मोठ्या खर्चाच्या कामाचे नकाशे तयार होत असतां त्या जागेखालीं जुनी पाण्याची वाट असण्याचा संभव आहे, हें दाखविणारी एकहि रेघ कोणापुढें नव्हती. शोध लावला तो खोदयंत्रानें. २९ सप्टेंबर २०२४ रोजीं स्वारगेटपर्यंतचा भुयारी मार्ग सुरू झाला. त्यावरील कसबा पेठ व मंडई हीं स्थानकें थेट जुन्या गांवाच्या पोटांत आहेत. मेट्रो नको होती असें आमचें मत नाहीं. गल्लींतून जाणाऱ्या वाहनांची संख्या कमी करण्याचा तो एक उपाय आहे, आणि आम्हीहि तिनें प्रवास करितों.

आंबील ओढ्याची हकीकत याहून कडू आहे. हा ओढा कात्रजकडील डोंगरांतून निघतो व पर्वतीच्या पायथ्याजवळून येतो. पूर्वीं तो गांवाच्या मधून वाहत जाऊन शनिवारवाड्याच्या बाजूस मुठेस मिळत असे. नानासाहेबांच्या कारकीर्दींत पर्वतीजवळ बांध घालून तळें केलें, आणि ओढ्याचा प्रवाह पश्चिमेकडे वळवून शहराबाहेरून नदींत सोडला. जुन्या पात्राची जागा मोकळी झाली, पेठांस वाढण्यास वाव मिळाला. तळ्याच्या मधोमध बेट राखलें होतें. तेथें पुढें गणपतीची स्थापना झाली, तो आजचा सारसबागेंतला गणपति. ओढा वळविणें आणि त्याच्या वाटेंत तळें राखणें या दोन गोष्टी एकाच विचाराच्या आहेत, असें आमचें मत आहे. वळविलेल्या पाण्यास पसरावयास कोठेंतरी जागा लागते.

विसाव्या शतकांत तळें आटवून तेथें बाग झाली. बाग सुंदर आहे. लहान मुलांस व आमच्यासारख्या वृद्धांस तिचा उपयोगहि पुष्कळ आहे. नकाशांत तेथें हिरवा रंग भरला गेला व तो योग्यच होता. परंतु हा हिरवा तुकडा पूर्वीं एका जलयोजनेचा अवयव होता, ही नोंद त्या रंगाखालीं बुडाली. पुढें ओढ्याच्या दोन्ही कांठांनीं वस्ती आली. पात्र अरुंद झालें. कोठें भिंती आल्या, कोठें भराव पडला. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीं या ओढ्यास जो पूर आला त्यांत अनेकांचे प्राण गेले, घरें वाहून गेलीं, बांधलेलीं जनावरें दाव्यासकट मेलीं. या पुराचें कारण एकटें तळें बुजणें हें होतें, असें आम्ही म्हणत नाहीं. त्या रात्रीचा पाऊस, टेकड्यांची झालेली तोड, पात्रांतील बांधकामें हीं कारणें जाणत्यांनीं दाखविलीं आहेत, व तीं खरींच आहेत. आमचें म्हणणें एवढेंच कीं, अठराव्या शतकांत या ओढ्याचा जो विचार झाला त्याचा कागद आराखडा करणाराच्या टेबलावर असता, तर निदान कांठावरच्या कांहीं परवानग्या देतांना हात थबकला असता. वारशाचें जतन म्हणजे सुखवस्तूंचा छंद, असें ज्यांस वाटतें त्यांनीं त्या रात्रीं कोणाचीं घरें गेलीं हें पाहावें. तीं छंदी लोकांचीं नव्हतीं.

आतां वर ज्या यादीचा उल्लेख केला तिच्याकडे वळूं. यादी म्हणजे सुटे बिंदु. त्यांतील सर्वांत ठळक बिंदु शनिवारवाडा. १० जानेवारी १७३० रोजीं, शके १६५१ मध्यें, त्याचा पाया घातला. मूळ बांधकामास १६,११० रुपये लागले. २७ फेब्रुवारी १८२८ रोजीं लागलेल्या आगींत आंतील इमले जळाले, आणि तट, दरवाजे व जोतीं उरलीं. तें सरकारी संरक्षणाखालीं आहे व असावें. परंतु प्राचीन स्मारकांच्या कायद्यांत २०१० सालीं जी दुरुस्ती झाली तिच्यामुळें अशा स्मारकाच्या भोंवतीं शंभर मीटरपर्यंत नवीन बांधकामास बंदी झाली, आणि त्यापुढें दोनशें मीटरपर्यंत परवानगीचा निर्बंध आला. मोकळ्या माळावरील देवळास हा नियम शोभतो. दाट पेठेंत त्याचा परिणाम असा होतो कीं, वाड्याच्या भोंवतालचीं जुनीं घरें पडलीं तर पुन्हां उभीं राहत नाहींत, दुरुस्तीसाठींहि परवानगीच्या खेपा घालाव्या लागतात, आणि मालक-भाडेकरू दोघेहि घर पडण्याची वाट पाहत बसतात. ज्या वस्तीमुळें शनिवारवाडा 'वाडा' होता ती वस्ती त्याच्या संरक्षणानेंच विरळ व्हावी, हें चमत्कारिक आहे. तेथून हाकेच्या अंतरावर लाल महाल आहे. मूळचा केव्हांच नष्ट झाला. सध्यांची इमारत महापालिकेनें १९८० नंतरच्या दशकांत बांधलेली आहे. परगांवचे पाहुणे ती तीनशें वर्षांची समजून भिंतीस हात लावून पाहतात. आम्ही त्यांचा हिरमोड करीत नाहीं.

पेठांतील खाजगी वाड्यांविषयीं येथें थोडक्यांतच लिहितों. १९४७ च्या भाडेनियंत्रण-कायद्यानें भाडीं १९४० च्या पातळीवर बांधलीं गेलीं. युद्धकाळच्या टंचाईंत गरीब भाडेकरूस त्या कायद्यानें वांचविलें हें खरें. परंतु कायदा दशकानुदशकें तसाच चालला, आणि महिन्याच्या भाड्यांत एक कौल बदलणें मालकास शक्य राहिलें नाहीं. त्यांत वारसांचे हिस्से. त्यांत १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर, ज्यानें नदीकांठच्या पेठांतील शेंकडों घरें एका दिवसांत बसविलीं. आणि त्यांत रस्तारुंदीच्या रेषा. रेषा नकाशावर एकदां पडली कीं जो वाडा पुन्हां बांधला जातो तो मागें सरतो, शेजारचा जुना तेथेंच राहतो. परिणामीं गल्ली कोठें रुंद, कोठें अरुंद, आणि रुंद झालेल्या भागांत दुचाकी उभ्या. गल्ली वाहतुकीसहि मिळत नाहीं व इतिहासासहि नाहीं. सागवानी खांब, कोरीव तुळया जुन्या बाजारांत जातात. खणांच्या हिशोबानें ज्या घराचें वर्णन होई त्याचें वर्णन आतां चौरस फुटांत होतें.

या वाड्यांत राहणारांचें म्हणणें मात्र दुर्लक्षण्यासारखें नाहीं. बाराजणांस एक संडास, पावसाळ्यांत गळणारें छप्पर, आणि दर जूनमध्यें दारावर 'धोकादायक' म्हणून लागणारी नोटीस. अशा घरांतील गृहिणीस आम्ही नक्षीची महती सांगूं लागलों तर ती आम्हांस बाहेर बसवील, आणि तें बरोबर होईल. म्हणूनच आमचा आग्रह प्रत्येक वाडा राखावा असा नाहीं. कोणती वस्तु राखावयाची हा प्रश्नहि दिसतो तितका सोपा नाहीं. १८८६ सालीं बांधलेली रे मार्केटची इमारत आज वारसा म्हणून मिरवते. तिच्यावरील खर्चास नगरपालिकेंत महात्मा फुले यांनीं विरोध केला होता, आणि आज तिला नांव त्यांचेंच आहे. ज्या भिडेवाड्यांत १८४८ सालीं फुले यांनीं मुलींची शाळा काढली तो मोडकळीस आला, वर्षानुवर्षें न्यायालयांत अडकला, आणि शेवटीं डिसेंबर २०२३ मध्यें राष्ट्रीय स्मारक उभारण्यासाठीं पाडण्यांत आला. स्मारक होणें अवश्य होतें. परंतु ज्या खोलींत त्या मुली बसल्या असतील तिचीं मापें, तिचें दार, तिची खिडकी आराखड्याच्या कोणत्याहि पानावर पन्नास वर्षांपूर्वीं नोंदलेलीं असतीं, तर आज बांधणारास तीं उपयोगी पडलीं असतीं. दगडाविटांचें जतन होत नाहीं तेथें निदान मापांचें तरी व्हावें.

पॅट्रिक गेडीस हे स्कॉटलंडचे नगररचनाकार १९१४ पासून हिंदुस्थानांत होते. १९१५ मध्यें त्यांनीं मुंबई इलाख्यांतील कांहीं शहरें पाहून अहवाल लिहिला, आणि १९१९ मध्यें मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्र व नागरिकशास्त्र यांचे ते अध्यापक झाले. त्यांचें सांगणें असें कीं, शहराची पाहणी आधीं, योजना मागाहून. आणि जुन्या वस्तींत शस्त्र चालवावयाचें तर अगदीं जपून, जेथें रोग आहे तेवढ्याच जागीं. आमच्या वैद्यकाच्या परिभाषेंत निदान आणि चिकित्सा यांचा हा क्रम माधवाच्या निदानग्रंथापासून पाठशाळेंतल्या प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक आहे. पंचविसाव्या कलमांतील पाहणी म्हणजे कायद्यानें सांगितलेलें निदानच होय. तींत एक थर वाढवावा, एवढीच आमची सूचना आहे. प्रचलित उपयोगाच्या नकाशाखालीं दुसरा नकाशा असावा: कात्रजचा नळ त्याच्या सर्व उच्छ्वासांसह, नानांचा व रास्त्यांचा नळ, हौद असलेले व बुजलेले, आंबील ओढ्याचें जुनें व नवें पात्र, पर्वतीच्या तळ्याची कड, आणि पेठांच्या मूळ गल्ल्या. पाडण्याची, खोदण्याची वा बांधण्याची परवानगी या दुसऱ्या नकाशाशीं ताडून पाहिल्यावांचून देऊं नये. खर्चाच्या दृष्टीनें हें काम एका उड्डाणपुलाच्या एका खांबाइतकेंहि नाहीं.

हा नकाशा महापालिकेचे मोजणीदार एकटे करूं शकणार नाहींत, आणि यांत त्यांचा दोष नाहीं. त्यास लागणारी सामग्री मोडींत आहे. पेशवे दफ्तरांतून सरदेसायांनीं १९३० ते १९३४ या काळांत पंचेचाळीस भाग निवडून छापले. त्यांत मुख्यत्वें राजकारण आलें, आणि त्या काळच्या गरजेप्रमाणें तेंच यावयाचें होतें. पेठांचे कौल, नळाच्या डागडुजीचे हिशेब, हौदावरील तंटे, असे कागद ज्यांस 'किरकोळ' म्हणून बाजूस ठेवण्याची आम्हां इतिहास-संशोधकांची संवय, तेच नगररचनेस सर्वांत उपयुक्त आहेत. आपण लढायांच्या तिथी पक्क्या केल्या, आणि ज्या गांवांत बसून केल्या त्या गांवाच्या पाण्याची वाट नकाशावर काढली नाहीं. आराखडा करणाऱ्यांकडे बोट दाखवितांना हा आपलाहि भाग सांगणें प्राप्त आहे.

घरोघरच्या दस्तऐवजांत यापुढचें साहित्य आहे. जुन्या खरेदीखतांत व वांटणीपत्रांत घराची चतुःसीमा देण्याचा परिपाठ होता: पूर्वेस अमक्याचा वाडा, पश्चिमेस बोळ, आणि कित्येकदां दक्षिणेस 'नळ' किंवा 'ओढ्याची जागा' असे शब्द असतात. कोठें विहिरीस नळाचें पाणी घेण्याचा हक्कहि लिहिलेला असतो. असे शेंदोनशें कागद एकत्र मांडले तर जमिनीस कुदळ न लावतां नळाची वाट बरीचशी निश्चित होईल. ज्या वाचकांजवळ कसबा, शनिवार, सदाशिव, नारायण, शुक्रवार, बुधवार व गंज या पेठांतील, किंवा कात्रज ते पर्वती या पट्ट्यांतील, अशीं खतें असतील त्यांनीं चतुःसीमेच्या तेवढ्या ओळींची नक्कल या त्रैमासिकाच्या पत्त्यावर पाठवावी. मूळ कागद पाठवूं नये. नांवें व रकमा गाळल्या तरी चालेल. दिशा आणि शेजार मात्र जसाच्या तसा उतरावा, आणि अक्षर लागत नसेल तर तेथें रिकामी जागा सोडावी, तर्कानें भरूं नये.